शालू लाल होता

वाशीमच्या आमच्या गल्लीत अब्बांना गुलाम नबी या नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे त्यांना नबीचाचा म्हणत आणि परगावचं माणूस पत्ता विचारत आलं तर 'ते पक्क्या रंगवाले?' असं विचारून त्याला वाट दाखवत. अब्बा रंगारी होते. त्यांनी रंगवलेलं लुगडं फाटायचं, पण विटायचं नाही.

त्यांचा एक नियम होता. चिंधी आधी, थान मागून. नवा रंग, नवं पाणी, नवं कापड असेल तर आधी एक चिंधी बुडवायची, वाळवायची, चोळायची आणि मगच थानाला, म्हणजे अख्ख्या कापडाला, हात लावायचा. त्या चिंध्या ते दाराच्या आतल्या बाजूला एका सुतळीवर ओळीने बांधून ठेवत. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. ती सुतळी हीच त्यांची वही. एखाद्या चिंधीला हात लावून ते सांगायचे की हा रिठदच्या पाटलीणबाईंचा हिरवा, हा अमक्याच्या मुंजीतला पिवळा.

माझा भाऊ फय्याज माझ्याहून दोन वर्षांनी लहान. अठराव्या वर्षी तो मुंबईला पळाला आणि एका सिनेमा कंपनीत लागला. आधी दिवे उचलायचा, मग यंत्राचं हँडल फिरवायला शिकला. अब्बा त्याच्याशी भांडले नाहीत. ते त्याचं नावच घेईनासे झाले. अम्मी तेव्हा हयात नव्हती. माझं सासर दोन गल्ल्यांपलीकडे, त्यामुळे मी रोज अब्बांची भाकरी टाकायला जायची, आणि फय्याजचं पत्र आलं की वाचून दाखवायची. अब्बा हंड्यातलं कापड हलवत राहायचे आणि पत्र संपलं की म्हणायचे, "खाऊन राह्यला ना बराबर? मंग झालं."

बोलपट आले आणि दुसऱ्याच वर्षी फय्याजची कंपनी बुडाली. १९३२चा उन्हाळा असेल. तो परत आला तेव्हा टांग्यातून एक ट्रंक, एक तीन पायांचं लाकडी घोडं आणि फडक्यात गुंडाळलेली एक पेटी उतरली. ती पेटी म्हणजे सिनेमा काढायचं यंत्र. कंपनीने भंगारात काढलेलं ते जुनं यंत्र त्याने उचललं होतं, आणि मोठ्या सिनेमांतून उरलेले कोऱ्या फिल्मचे तुकडे डब्यांत भरून आणले होते. त्याला स्वतःचा सिनेमा काढायचा होता. मुका, तीन रिळांचा, पैनगंगेच्या काठावरचा.

त्याची गोष्ट साधी होती. एका रंगाऱ्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं आहे. नवरदेव नदीच्या पलीकडचा. लग्नाच्या दिवशी पूर येतो, नाव प्रवाहात भरकटते आणि अंधारून आल्यामुळे नावाड्याला काठ सापडत नाही. मुलगी लग्नाचा लाल शालू नेसून टेकाडावर जाते आणि पदर वाऱ्यावर सोडते. तो लाल रंग पाहून नावाडी नाव वळवतो.

फय्याजने ही गोष्ट मला सांगितली, म्हणजे अब्बांना ऐकू जाईल अशी. अब्बा ओसरीवर पाठमोरे बसून पिंप घासत होते. पिंप पालथं घालून त्यांनी विचारलं की शालू कोण रंगवणार आहे. फय्याज म्हणाला, अजून ठरलं नाही. अब्बा म्हणाले, "नवरीचा रंग कुसुंबा. मुंबईवाल्याईच्या डब्यातला लाल नाई चालत."

कुसुंबा म्हणजे करडईच्या फुलांचा रंग. त्याच्यासारखा लाल दुसरा नाही आणि त्याच्याइतका कच्चाही दुसरा नाही. दोन पाण्यांत निघून जातो. पक्क्या रंगाच्या अब्बांनी तो केव्हाच सोडला होता, पण लग्नासाठी कुणी हट्ट धरला तर करायचे. नवरीचा रंग एक दिवस टिकला तरी पुरे, असं त्यांचं म्हणणं. ते तीन दिवस हंड्यापाशी उभे राहिले. फुलं कुटली, खाराच्या पाण्यात मळली, पिवळं पाणी पुन्हा पुन्हा काढून टाकलं, शेवटी चिंचेचं आंबट घातलं आणि लाल उतरला. शालू दोरीवर टाकला तेव्हा समोरच्या भिंतीवरही लाली पडली होती. फय्याज त्या शालूकडे बघत उभा राहिला. काहीतरी बोलायला आला होता असं मला वाटलं. पण बोलला नाही.

त्यानंतर अब्बा त्या सिनेमात गुंतले ते गुंतलेच. बैलगाडी त्यांनी मिळवली. पैनगंगेवरचा नावाडी इंद्रभान त्यांचा जुना ओळखीचा, त्याला त्यांनीच राजी केलं. नवरदेव म्हणून शाळेतले मारोतराव मास्तर मिळाले, कारण त्यांना नाटकाची हौस होती आणि मिशीही होती. अडलं ते नवरीपाशी. कोणत्याच घरची बाई यंत्रापुढे उभी राहायला तयार होईना.

धनीबाई आमच्याकडे धुणावळीचं काम करायची. रंगवलेली थानं नदीवर नेऊन खंगाळायची. चाळिशी उलटलेली, अंगाने काटक, तोंडाने फटकळ. विसाव्या वर्षी विधवा झालेली, तेव्हापासून तिच्या अंगावर मातकट लुगड्याशिवाय काही दिसलं नव्हतं. नवरी मिळत नाही म्हणून फय्याज डोकं धरून बसला होता तर ती पिळे उचलता उचलता म्हणाली, "लांबून काढतं ना तुह्यं यंत्र? मंग मले उभी कर. लांबून साऱ्या नवऱ्या सारख्याच दिसतात."

आम्ही हसलो. ती हसली नाही. तिची एकच अट होती. तिचं नाव कुठं छापायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. विधवेने लाल नेसलं हे तिच्या जातीत कळलं असतं तर तिला पंगतीत बसू दिलं नसतं.

भादव्यात नदी भरलेली असताना ते काम झालं. मी बुरखा घेऊन गाडीत बसून सगळं पाहिलं. पांढरी चादर उन्हाला धरून उजेड माणसावर पाडायचा असतो, हे फय्याजने अब्बांना दाखवलं आणि मग ती चादर अब्बांनी दुसऱ्या कुणाच्या हाती दिलीच नाही. यंत्राशेजारी उभे राहून त्यांनी एकूण एक चित्र पाहिलं. धनीबाई झाडाआड जाऊन शालू नेसून आली तेव्हा खाली मान घालून चालत होती. तिला चालणंच येईना. अब्बा म्हणाले, "धनी, थान खंगाळाले जाते तशी जाय ना." मग ती ताठ चालत टेकाडावर गेली आणि तिने पदर सोडला. तेवढ्यात पावसाची भुरभूर आली. कुसुंबा ओघळला आणि तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले. चार दिवस ते तसेच होते. बाया विचारायच्या, तर ती म्हणायची, रंगाऱ्याकडे काम करणाऱ्या बाईचे हात काय पांढरे राहतील?

फिल्म धुवायला मुंबईला गेली. फय्याजच्या एका मित्राने रात्रपाळीत चोरून धुतली आणि तिची एकच प्रत काढून दिली. दुसरी काढण्याइतकी फिल्मच नव्हती. पौषात वाशीम स्टेशनवर तीन पत्र्याचे डबे आले.

त्या काळी उदयसिंग नावाचा एक तंबूवाला जत्रेजत्रेतून सिनेमा दाखवत फिरायचा. अनसिंगच्या जत्रेत तो फय्याजचा सिनेमा दाखवणार होता, पण आधी त्याला तो पाहायचा होता. त्याने आपलं सिनेमा दाखवायचं यंत्र आमच्याकडे आणलं. आम्ही रंगशाळेच्या खिडक्यांना पोती लावून अंधार केला आणि भिंतीवर चादर ताणली. पहिली दोन रिळं छान गेली. आमची नदी भिंतीवरून वाहत होती. इंद्रभान बिडी ओढत होता आणि धूर दिसत होता. मग तिसरं रीळ लागलं. टेकाडावर धनीबाई आली आणि तिच्या अंगावर काळं लुगडं होतं.

काळं म्हणजे काजळासारखं काळं. पदर उडाला तर कावळ्याने पंख पसरल्यासारखा.

यंत्र थांबल्यावर उदयसिंग म्हणाला, "चाचा, नवरी काळ्यात? जत्रेत लोकं बायकापोराईले घेऊन येतात. माह्या तंबूवर गोटे पडतीन." तो शांतपणे बोलत होता आणि त्याचं खरं होतं. धनीबाई दाराशी बसून पाहत होती. ती उठली, पिळे घेतले आणि जाताना एवढंच बोलली, "रांडमुंडले लाल नेसवलं, तरी यंत्राले कळलंच."

अब्बांनी फय्याजला विचारलं की असं कसं झालं. त्याने सांगितलं की त्या फिल्मला लाल दिसतच नाही. लाल आणि काळा तिला सारखाच. मुंबईला लाल दाखवायचं असेल तर नटीला दुसऱ्याच रंगाचं नेसवतात.

"म्हंजे तुले माहीत व्हतं?"

"व्हय."

"मंग काहून नाई सांगितलं?"

फय्याज म्हणाला, "तीन दिवस तुमी हंड्यापाशी उभे व्हते, अब्बा."

अब्बा उठले. चादर उतरवून त्यांनी तिची नीट घडी घातली.

मग फय्याजनेच सांगितलं की मुंबईला फिल्मही रंगवतात. रात्रीचं चित्र असलं तर पट्टी निळ्या पाण्यात बुडवतात, आगीचं असलं तर लाल पाण्यात. म्हणजे सगळं चित्रच त्या रंगाचं दिसतं. टेकाडाचा भाग लाल केला तर शालू, नदी, आभाळ सगळंच लाल होईल आणि काळं कुणाला खटकणार नाही. उदयसिंग कबूल झाला. तसं केलं तर जत्रेच्या पहिल्याच दिवशी दाखवतो म्हणाला, आणि 'लाल शालूचा रंगीत सिनेमा' अशी पत्रकं छापायला घेऊन गेला. जत्रेला चार दिवस होते.

पट्टी कोण रंगवणार, हे विचारायची गरज नव्हती.

डब्यातला विकतचा लाल घेतला. फय्याजने बजावलं, पाणी थंडच पाहिजे. का, ते त्याने सांगितलं नाही आणि अब्बांनी विचारलं नाही. आमच्या घरात बोलणं असंच चालायचं. पट्टी लाकडी चौकटीवर गुंडाळून दोघांनी मिळून बुडवली, वाळवली. उजेडासमोर धरली तर टेकाडावर सकाळ झाल्यासारखं दिसत होतं. फय्याज खूश झाला आणि पत्रकं वाटायला अनसिंगला गेला.

तो गेल्यावर अब्बांनी सवयीने त्या पट्टीवर ओलं बोट फिरवलं. बोट लाल झालं.

मी तिथेच कांदा चिरत होते. त्यांनी ते बोट माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, सिनेमा काय नदीवर धुवायचा आहे? राहू द्या. ते म्हणाले, "माह्या दारातून कच्चा रंग गेला नाई कधी." शालूची गोष्ट वेगळी होती, तो एका दिवसाचा. पण हा सिनेमा गावोगाव फिरणार होता. लेकाचं काम होतं.

डब्यातला लाल पक्का करायची त्यांची रीत ठरलेली होती. मिठाच्या कढत पाण्यातून काढायचा. फय्याजने थंड पाणी सांगितलं होतं ते पट्टी आकसू नये म्हणून, असं त्यांना वाटलं. आणि त्यांनी आपला नियम पाळला. चिंधी आधी, थान मागून. रिळाच्या तोंडाशी चित्र नसलेली कोरी पट्टी असते, तिचा हातभर तुकडा फय्याजने कापून टाकला होता. अब्बांनी तो कढत पाण्यात घातला, बाहेर काढला, ताणून पाहिला. आकसला नाही, वाकला नाही, काही झालं नाही. कोऱ्या पट्टीवर जाण्यासारखं काही नव्हतंच.

मग त्यांनी चौकट पाण्यात सोडली.

क्षणभराने पाण्यावर लाल साय आली. अब्बांनी चौकट झटकन उचलली तर त्या सायीत बारीक बारीक चौकोन तरंगत होते आणि विरघळत होते. पट्टी चौकटीवर होती, काचेसारखी स्वच्छ. चित्र त्या पट्टीवर सरसाच्या थराने चिकटलेलं असतं हे आम्हाला कुणाला माहीत होतं? तो थर वितळून हंड्यात गेला होता. टेकाड, पदर, वळणारी नाव, सगळं.

अब्बा हंड्यात हात घालून ती साय गोळा करायला लागले. पाणी कढत होतं. मी त्यांचे हात ओढून बाहेर काढले.

फय्याज संध्याकाळी आला. अब्बा दारातच बसले होते, हाताला तेल लावलेलं. ते म्हणाले, "माह्या हातानं गेलं. थंड पानी काहून, हे म्या इचारलं नाई."

फय्याज आत गेला, पट्टी उजेडात धरून पाहिली. मला वाटलं आता हा पुन्हा मुंबईला जाईल आणि या वेळी पत्रही येणार नाही. तो बाहेर आला तर त्याची नजर अब्बांच्या हातांवर गेली. त्याने विचारलं, "जास्त भाजलं काय?" मग ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसला. तिथून म्हणाला की कोरी पट्टी कापून टाकावी लागेल. टेकाडावर चढताना नवरी दिसते तो तुकडा चौकटीवर मावला नव्हता, तेवढाच उरला आहे, काळ्या शालूतला, तिथेच सिनेमा संपेल. उदयसिंगला शब्द दिला आहे, तर एक दिवस दाखवू आणि मग आपलं यंत्र विकून टाकू.

अब्बा म्हणाले, "कापू नको. जशी हाय तशी जोड."

"पांढरा उजेड दिसीन नुसता."

"दिसू दे."

फय्याजने विचारलं नाही, का म्हणून. पण त्याने पट्टी कापली नाही.

अनसिंगला आम्ही बैलगाडीने गेलो. दिवेलागणीला तंबू भरला. मधे एक पडदा टाकून बायांची बाजू वेगळी केलेली होती. तिथे मी आणि धनीबाई बसलो. तिला मी पट्टीचं सांगितलं होतं. ती म्हणाली, बरं झालं, फार वेळ काळी तरी दिसणार नाही. पण ती आली होती.

हँडल फय्याज स्वतः फिरवत होता. नदी आली, इंद्रभान आला. लोक त्याला ओळखून हाका मारू लागले. मारोतराव मास्तर घाबरल्याचा अभिनय करत नावेत बसले तेव्हा बायाही तोंडाला पदर लावून हसल्या. मग टेकाड आलं आणि काळ्या शालूतली नवरी चढू लागली. तंबूत कुजबुज सुरू झाली. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "आवं माय, काळं नेसून लगनाले?" मागून कुणीतरी शिट्टी मारली. पत्रकात लाल म्हटलं होतं, लाल कुठं आहे, अशी ओरड होऊ लागली. आणि तेवढ्यात चित्र गेलं. पडद्यावर नुसता पांढरा उजेड.

त्या उजेडात अब्बा जाऊन उभे राहिले. त्यांची सावली मोठी होऊन पडद्यावर पडली. आयुष्यात त्यांनी चार माणसांपुढे कधी भाषण केलं नव्हतं. त्यांनी टोपी सारखी केली.

"मंडळी, मी गुलाम नबी, वाशीमचा रंगारी. या पोराचा बाप. शालू काळा नाई. यंत्राले लाल दिसत नाई, म्हणून तुमाले काळा दिसला. पुढचं चित्र चांगलं व्हतं, ते माह्या हातानं धुतल्या गेलं. पोराची चूक नाई. पक्का रंग म्हणून तुमी माह्यं नाव घेता, तर हा एक माह्याच्यानं कच्चा निघाला. पन मी तिथं उभा व्हतो. म्या सारं पाह्यलं. मी सांगतो."

आणि ते सांगू लागले. करडईचं फूल आधी पिवळं असतं, मग केशरी होतं आणि तोडायला आलं की लाल. तो लाल. नवीन लाल नव्हे, उन्हाने पिकलेला. ती बाई टेकाडावर उभी आहे. आभाळ पारव्याच्या पाठीसारखं. नदी गढूळ, ताकात हळद पडल्यासारखी. बाईने पदर सोडला. वारा असा आला की पदर आधी तिच्याच तोंडावर बसला, तिने तो हाताने दूर केला. पावसाने रंग ओघळतो आहे, तिचे हात कोपरापर्यंत लाल. तिकडे नावेत नवरदेवाला काही दिसत नाही. इंद्रभानने कपाळावर हात धरला...

मी यंत्राकडे पाहिलं. फय्याज हँडल हळू फिरवत होता. कोरी पट्टी फार तर चार मिनिटांची होती, अब्बांचं सांगणं त्याहून लांबणार हे त्याला कळलं होतं. उदयसिंग त्याच्या कानाशी लागून म्हणत होता की एवढं हळू केलंस तर दिव्याच्या आचेने पट्टी पेटेल. फय्याजने मान हलवली आणि आणखी हळू केलं. त्याचं लक्ष पट्टीकडे नव्हतंच. तो बापाकडे बघत होता.

तंबू गप्प होता. फक्त ती मघाची म्हातारी म्हणाली, "सांगाले काय जाते? लाल व्हता कायवरून?"

अब्बा थांबले. बायांच्या बाजूकडे त्यांनी चुकूनही पाहिलं नाही. शब्द दिलेला होता.

माझ्या शेजारून धनीबाई उठली. मी तिचं लुगडं धरलं, तिने ते सोडवून घेतलं.

"लालच व्हता," ती म्हणाली. "म्या नेसला व्हता. चार दिवस माह्ये हात लाल व्हते, साऱ्या नदीनं पाह्यलं." आणि मग अब्बांना म्हणाली, "सांगा नबीभाऊ, थांबले काहून? नाव वळवा."

अब्बांनी नाव वळवली. इंद्रभानला लाल दिसला, त्याने वल्हं मारलं, नाव काठाला लागली आणि मारोतराव मास्तरांनी पदराचं टोक धरलं. शेवटची कोरी पट्टी यंत्रातून सुटून फटफट आवाज करू लागली तरी लोक बसूनच होते.

जत्रा पाच दिवस होती. पाचही दिवस सिनेमा लागला आणि अब्बा रोज उभे राहिले. रोज नदी थोडी रुंद व्हायची. चौथ्या दिवशी तर नावेत पाणीही शिरलं, तेव्हा फय्याज मागून म्हणाला, "अब्बा, पट्टी संपली, आता काठाले लावा," आणि तंबू हसून हसून लोळला. दुसऱ्यांदा आलेली माणसं होती, ती गोष्टीतलं चुकलं की अब्बांना दुरुस्त करायची.

धनीबाईला तिच्या लोकांनी दोन वर्षं पंगतीत घेतलं नाही. त्या दोन वर्षांत सणासुदीला ती आमच्याकडे जेवायची, तिचं वेगळं शिजवून. तो शालू अब्बांनी तिलाच दिला. तिने तो पुन्हा नेसला नाही. धुतलाही नाही.

फय्याजने यंत्र विकलं नाही. लग्नकार्यांत फोटो काढायचं काम त्याने धरलं आणि ते रंगशाळेच्याच अर्ध्या भागात. सिनेमा मात्र दुसरा काढला नाही. ती तीन रिळं डब्यातच खराब झाली. पंधरा-वीस वर्षांनी उघडली तर आत तपकिरी भुकटी आणि आंबूस वास.

अब्बा गेल्यावर दाराची सुतळी मी मागून घेतली. आता ती माझ्याकडे आहे. बहुतेक चिंध्यांचे रंग अजून तसेच आहेत. अगदी शेवटी एक बोटभर स्वच्छ पट्टी बांधलेली आहे, दोन्ही कडांना भोकं असलेली. नातवंडं विचारतात की आजी, यावर तर काहीच नाही. मग मी त्यांना बसवते आणि करडईच्या फुलापासून सुरुवात करते.